ब्लाउज सैल का येतो?

१२ जानेवारी

आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवताना एकतीस वर्षं रोजची दैनंदिनी लिहिली. आज काय शिकवलं, किती मुली हजर, कापड किती वाया गेलं. प्राचार्य दर शनिवारी सही करायचे आणि अक्षरही वाचायचे नाहीत. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी हात शिवशिवतात. आता सही करणारं कुणी नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

आजपासून पुन्हा कामावर रुजू झाले. प्रांजल ही माझी जुनी विद्यार्थिनी. वर्षभर शिवण शिकली आणि मग कॉम्प्युटरकडे वळली. तिनं 'बेतणी' नावाचं सॉफ्टवेअर केलं आहे. मापं भरली की ब्लाउजचा कागदी नमुना तयार होतो. प्रिंट काढायची, कागद कापडावर ठेवायचा, खडूनं आखायचं, कात्री चालवायची. फुकट आहे. सातारा-सांगलीकडच्या सहाशेवर शिवणाऱ्या बायका ते वापरतात आणि अडल्या की मोबाइलवरच्या गटात विचारतात. प्रांजल सांगलीत नोकरी करून हे सगळं सांभाळते. ती म्हणाली, "मॅडम, तेच तेच प्रश्न येतात. उत्तरं देण्यात माझी रात्र जाते. तुम्ही गट बघाल का?"

बघीन म्हटलं. सकाळी उठायला कारण मिळालं, हे तिला सांगितलं नाही. आमच्या ह्यांना, सुभेदारांनाही नाही.

१५ जानेवारी

काल संक्रांत. गटात तीनशे चाळीस तिळगुळाची चित्रं आली आणि त्यांत गाडले गेलेले सात प्रश्न. सातही एकच: "ब्लाउज सैल येतोय, काय करू?"

सातही जणींना विचारलं, माप कशावरून घेतलं? उत्तर आलं, मापाच्या ब्लाउजवरून.

म्हणजे गिऱ्हाइकानं आपला अंगाला बसणारा जुना ब्लाउज पिशवीतून पाठवायचा, हिनं तो पाटावर सपाट पसरायचा, टेप लावायची आणि दुप्पट करायची. ही काय मापं घेण्याची रीत झाली? पहिल्याच दिवशी मी फळ्यावर लिहायचे, माप अंगावरून. मापाच्या ब्लाउजवरून माप घेणं म्हणजे शेजारणीच्या पेपरात बघून पास होणं. 'बेतणी' अंगाचं माप मागते आणि श्वास घेता यावा म्हणून स्वतः दोन इंच लूजिंग धरते. इतकं सोपं आहे.

सातही जणींना सविस्तर लिहिलं. सातही जणींनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

१८ जानेवारी

"मॅडम ब्लाउज सैल का येतो?" एकूण अकरा.

गटाच्या माथ्यावर कायमची सूचना लावली. पोस्ट क्रमांक एक. नऊ नियम. नियम पहिला: माप अंगावरूनच घ्यावे. नियम नववा: वरील नियम वाचल्याशिवाय प्रश्न विचारू नये.

दुपारी खंडाळ्याच्या एका बाईनं विचारलं, "मॅडम वरचे नियम कुठे आहेत?"

२३ जानेवारी

आज एक नौशीन आली. सांगलीजवळ कवलापूरला घरातच मशीन टाकून बसते. तिनं मजकूर लिहिला नाही, दीड मिनिटाचा आवाज पाठवला. मला हे आवाज पाठवणं अजिबात आवडत नाही. लिहिलेलं एका नजरेत कळतं, आवाज मात्र पूर्ण ऐकावा लागतो.

"मॅडम, माज्याकडं एका लग्नाचं काम आलंय. तेवीस फेब्रुवारीला लग्न हाय. नवरदेव मिलिटरीत, सुट्टी तेवढीच. नवरी धरून बारा ब्लाउज. सगळी साडीतली कापडं हायत, सिल्कची. एक बिघडलं तर दुसरं कुठनं आणू? आधी साध्या कापडावर करून बघितला, तर सैल आला. आवं मॅडम, काय चुकतंय माजं?"

पुढं हेही सांगितलं की गावात शिवणाऱ्या आणखी दोघी आहेत, हे लग्न चांगलं निघालं तर पुढची कामं हिच्याकडे, नाहीतर मशीनवर चादर.

लिहिलं: पोस्ट क्रमांक एक, नियम पहिला.

२४ जानेवारी

नौशीन: "वाचलं मॅडम. पण बाया न्हाईत इथं. नुसती मापाची ब्लाउजं आल्यात."

बायका नाहीत म्हणे. लग्नघर आहे आणि बायका नाहीत. मी लिहिलं, ज्याला करायचं नसतं त्याला कारणं सापडतात. नंतर वाटलं थोडं कडक झालं. पण वर्गात याहून कडक बोलत होते आणि त्या मुलींची आज दुकानं आहेत.

२९ जानेवारी

संध्याकाळी सुभेदार म्हणजे आमचे नाथाजीराव गॅलरीत पेपर वाचत होते. मी मोबाइल त्यांच्यासमोर आपटला. म्हटलं, आज चौदा वेळा. चौदा. दगडाला सांगितलं असतं तर त्याला पाझर फुटला असता.

सुभेदार बेळगावला पाच वर्षं रंगरूटांचे उस्ताद होते. पेपर खाली न ठेवता म्हणाले, "आगं, दाहिने मुड म्हनलं की पोरगं बायें मुडायचं. रोज. एक बॅच शिकून जायची तवर दुसरी यायची, ती बी बायें."

"मग तुम्ही काय करायचा?"

"दाहिने मुड म्हनायचो."

यांना काही विचारण्यात अर्थ नसतो. आणि त्यांचे रंगरूट निदान समोर उभे असायचे. त्यांना कान होते.

२ फेब्रुवारी

प्रांजलचा फोन. चाचरत बोलत होती, वर्गात उशिरा आल्यावर बोलायची तशीच. "मॅडम, माझ्या मनात आहे की माप भरायच्या पानावर दोन पर्याय द्यावेत. अंगावरचं माप की मापाच्या ब्लाउजचं. दुसरा निवडला तर लूजिंग धरायचं नाही. प्रश्नच मिटेल."

मी स्पष्ट नाही म्हणाले. चुकीच्या रीतीला आपण दार उघडून द्यायचं? मग शिकवायचं कशाला? ती म्हणाली, "बरं मॅडम. तुम्हाला योग्य वाटेल तेव्हा सांगा."

अजूनही ऐकते पोरगी. बरं वाटलं.

६ फेब्रुवारी

नौशीनची आठवी खेप. फोटो पाठवला. साध्या कापडाचा ब्लाउज घालून तिची जाऊ उभी, काखेजवळ मूठभर कापड चिमटीत धरलेलं. आवाजात: "मॅडम, रागवू नका. सतरा दिस ऱ्हायलं. मी टेप नीटच लावती हो. मापाचा ब्लाउज छत्तीस, तर ह्यो अडतीस येतोय. चौतीस असंल तर छत्तीस. काय करू तेवढं सांगा."

मी कितीदा सांगू? सांगण्यासारखं एकच आहे आणि ते मी पहिल्या दिवशी सांगितलं. तिचं पाहून आणखी चौघींनी "माझं पण तसंच" लिहिलं. असाच वर्ग बिघडतो. एकीनं पेन खाली ठेवलं की सगळ्या ठेवतात.

८ फेब्रुवारी

नियम दहावा केला. उत्तर दिलेला प्रश्न पुन्हा विचारणाऱ्यास पंधरा दिवस गटात बोलता येणार नाही. प्रमुखाला तशी सोय असते, नावावर बोट ठेवायचं की झालं. संबंधित बाईला वाचता येतं, बोलता येत नाही.

दुपारी दोन वाजता नौशीननं पुन्हा विचारलं. दोन वाजून चार मिनिटांनी तिला गप्प केलं. मन थोडं खट्टू झालं, नाही म्हणत नाही. पण नियम केला आणि पहिल्याच दिवशी मोडला तर तो नियम कसला.

९ फेब्रुवारी

दिवसभरात तीन प्रश्न.

१२ फेब्रुवारी

एकही नाही. सकाळी उठून गट उघडला, पोस्ट क्रमांक एक आणि खाली शांतता. पाळणाघरातली सगळी पोरं एकदम झोपावीत तसं वाटलं. चहा गरम असतानाच प्यायले, कितीतरी दिवसांनी.

१५ फेब्रुवारी

तीन दिवसांत एकच प्रश्न, तोही प्रिंटरच्या शाईचा. शिस्त अशी लागते. सुभेदारांना दाखवलं. ते स्क्रीन बघून म्हणाले, "परेड मैदान मोकळं दिसतंय."

"शांत आहे. मोकळं नव्हे."

"बरं," म्हणाले आणि भाजी आणायला गेले.

१९ फेब्रुवारी

प्रांजलनं कळवलं की या पंधरवड्यात 'बेतणी'वर नमुने दुपटीनं निघाले. मी म्हटलं, बघ, प्रश्न शून्य आणि काम दुप्पट. मार्गदर्शन नीट झालं की असं होतं. ती म्हणाली, "हो मॅडम. पण एक गंमत दिसतेय. बायका भरतायत ती मापं आधीपेक्षा दोन-दोन इंचांनी कमी आहेत. सगळ्यांचीच."

अंगावरून घ्यायला लागल्या म्हणून, मी म्हटलं. आणखी कशानं?

ती काहीतरी बोलणार होती. बोलली नाही.

२३ फेब्रुवारी

आज कवलापूरचं लग्न. तारीख डोक्यात का राहिली कोण जाणे. नौशीनची मुदत आजच संपली, तिचं नाव सकाळीच मोकळं केलं आणि लिहिलं: "नौशीन, ब्लाउज कसे झाले?"

तिनं वाचल्याची खूण दिसली. उत्तर नाही. दुपारी नाही, संध्याकाळी नाही. सहाशे जणींच्या गटात माझा एक प्रश्न लोंबकळत राहिला. कुणी "मलाही कळवा" म्हणूनसुद्धा लिहिलं नाही.

२७ फेब्रुवारी

काल सांगलीला जाऊन आले. सगळं नीट लिहायला हवं, म्हणून आज बसले.

एसटीनं गेले, प्रांजलला न कळवता. ती मार्केट यार्डाजवळ राहते, नव्या हळदीच्या वासानं जिना भरलेला. मला बघून तिचा चेहराच उतरला. चहा झाला आणि मी विचारलं, त्या दिवशी काय बोलणार होतीस?

तिनं आपला मोबाइल माझ्या हातात दिला. दुसरा एक गट होता. 'शिवणाऱ्या बाया' असं नाव. सदस्य चारशे ऐंशी. प्रमुख, नौशीन. चालू केल्याची तारीख बारा फेब्रुवारी, मी गरम चहा प्यायले तो दिवस. आमच्या गटात हात जोडणाऱ्या सगळ्या तिथं होत्या. प्रश्न तेच. "ब्लाउज सैल का येतो?" आणि खाली नौशीनचं उत्तर: "ताई, मापाच्या ब्लाउजवरनं घेतलंय न्हवं? मग दोन इंच वजा करून भरा. सॉफ्टवेअर लूजिंग आपोआप धरतंय, ब्लाउजात ते आधीचंच हाय." खाली पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा तेच उत्तर, "ताई" पासून सुरुवात करून. मी बोटानं वर सरकवत गेले. एका दिवसात सव्वीस.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"आठवड्यापूर्वी कळलं मॅडम. तुम्हाला कसं सांगू कळेना." मग खाली बघत म्हणाली, "तो दुसरा पर्याय मी जानेवारीतच करून ठेवलाय. तुमच्या होकाराची वाट बघत होते."

मला राग आला होता. कुणाचा ते ठरेना, म्हणून रिक्षा केली आणि कवलापूरला गेले. चांगलं झापायचं, की माझ्या पाठीमागं गट कसा काढलास, असं रिक्षात ठरवलेलं.

नौशीन पंचविशीची, बारीक चणीची. मी नाव सांगितल्यावर उठून उभी राहिली. खुर्ची पुसून दिली. भिंतीवर खिळ्यांना पिशव्या टांगलेल्या, प्रत्येकीत एक मापाचा ब्लाउज आणि टाचणीनं लावलेली नावाची चिठ्ठी. पुढच्या लग्नाचं काम.

मी म्हटलं, त्या बारा जणींची मापं अंगावरून घ्यायला काय झालं होतं?

ती घाबरली नाही. बोटं मोजत सांगत गेली. "मॅडम, नवरी पुन्याला नोकरीला, हळदीच्या दिशी आली. एक नणंद जालंदरला, तिच्या नवऱ्याच्या युनिटमदी. एक आत्तीसासू, ती म्हातारी अंगाला टेप लावू देत न्हाई, सोताच्या लेकीला बी न्हाई. एक भावजय तवा नऊ म्हैन्याची होती. लग्नात बाळ मांडीवर येनार. तिचं माप अंगावरनं घेऊन मी काय करू, सांगा."

एकतीस वर्षांत माझ्या फळ्यावर ही बाई कधी आली नव्हती.

मी विचारलं, मग ब्लाउज बसले का सगळे?

"अकरा बसले. नवरीच्या आईचा न्हाई. नऊ तारखेला कापला. तुमी आदल्या दिशी मला गप्प केलं, वाटलं दुसरं कोन सांगंल, कोन बोललं न्हाई. मग मशीनवर घाबरत बसण्यापरीस म्हनलं कापूया. सैल आला. उसवून आत घेतला तर लईच तंग झाला, परत उसवून जरा सोडला, पर सिल्कवर आधीच्या सुईची भोकं ऱ्हात्यात न्हवं? जांभळ्या कापडावर पांढरी लाईन उठली. त्या बाईंनी लग्नभर पदर हितपत्तुर वढून घेतलेला." तिनं खांद्यावरून कोपरापर्यंत हात फिरवून दाखवला. "त्या काय बोलल्या न्हाईत. पर पदर मला सारखा दिसत व्हता."

त्या भोकांनीच तिला उत्तर सापडलं. पहिल्या आणि शेवटच्या शिवणीतलं अंतर, दोन्ही बाजूंचं मिळून, तिनं टेपनं मोजलं, साध्या कापडाचा ब्लाउज मोजला, जावेचा मोजला. दरवेळी दोन इंच. मग कळलं. पण गटात सांगता येईना, कारण तिचं तोंड मी बांधलेलं. खंडाळ्याच्या त्या बाईनं तिला एकटीला विचारलं, तिनं सांगितलं, दुसरीनं विचारलं, तिसरीनं, शेवटी नौशीनच म्हणाली गटच काढते.

एवढ्यात तिचा मोबाइल वाजला. ऐकूनच कळलं, पलीकडे तोच प्रश्न. नौशीननं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, मध्ये दोनदा "व्हय ताई" म्हणाली, फोन ठेवला.

मी म्हटलं, कंटाळा नाही येत? सव्वीस वेळा तेच?

तिला प्रश्नच समजला नाही बहुतेक. म्हणाली, "मॅडम, त्या ताईनं पैल्यांदाच इचारलं."

माफी मागायची म्हणून तोंड उघडलं आणि निघालं काय, तर "बाहीची घडी नीट इस्त्री कर." तिनं केली. मग मी तिच्या शेजारी बसून काजं-बटणं केली, चार ब्लाउजांची. गाडीची वेळ झाली. माफी राहिलीच.

१ मार्च

प्रांजलला होकार कळवला. दुसरा पर्याय आज सॉफ्टवेअरमध्ये आला. ती पुढं म्हणाली, "मॅडम, दोन गट कशाला? आपला बंद करून सगळ्यांना नौशीनच्या गटात पाठवू या का? तुम्ही पण या."

दुपारभर काही खाल्लं नाही. सुभेदारांनी काय झालं विचारलं. सांगितलं, रिटायर झाले, पुन्हा. या खेपेला नारळ-शालसुद्धा नाही. ते शेंगा सोलत शेजारी बसून राहिले आणि दाणे माझ्या पुढ्यात ठेवत गेले.

संध्याकाळी पोस्ट क्रमांक एक काढून टाकली. नियम दहावा आधी, मग नववा, असं उलटं करत. खाली नौशीनचं नाव घेऊन लिहिलं की माझं चुकलं, उत्तर हिनं शोधलं आणि मी हिला बोलू दिलं नाही. मग तिच्या गटाचा पत्ता दिला. गट बंद केला.

२ मार्च

नौशीनच्या गटात गेले. संयोगिता, सातारा, एवढंच नाव लावलं. मॅडम लावलं नाही.

तिथं एकच रीत आहे. आत आल्यावर बाईनं आधी एक प्रश्न विचारायचा. आधी कुणी विचारलेला असला तरी चालतो. नौशीननं कारण लिहिलं आहे: "न्हाईतर नवी बाई नुसती वाचत बसती आन् लाजती."

मला विचारण्यासारखं काय असणार? टेप माझ्या गळ्यात एकतीस वर्षं होती. सकाळपासून तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. खोटा प्रश्न विचारायचा म्हटलं तर तोही सुचेना.

५ मार्च

आज कपाटातला माझा एक जुना ब्लाउज काढला, पाटावर सपाट पसरला आणि टेप घेऊन बसले. छाती जमली. कंबर जमली. मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईला, आले आणि थांबले. बाहीच्या शिवणीवरून मोजायचं की आतून? गोलाईत टेप वळवायची की सरळ धरायची? तीन वेळा मोजलं, तीन वेगळी मापं आली. ही रीत मी कधी शिकले नाही, कारण ती चुकीची आहे असं शिकवत होते.

अकरा वाजता गटात लिहिलं: "मापाच्या ब्लाउजवरून मुंढा कसा मोजायचा?"

वर सरकवून पाहिलं असतं तर हाच प्रश्न सकाळी आठला कुणीतरी विचारलेला दिसला असता. तो मला नंतर दिसला.

दोन मिनिटांत औंधच्या कुणा सोनमचं उत्तर आलं. फोटोसकट, मुंढ्याच्या शिवणीवर बोट ठेवलेलं. "ताई, लाजू नका, हे रोज कोनतरी इचारतंय. टेप उभी धरा आन् शिवणीच्या कडंकडंनं फिरवत न्या."

वाचलं, करून पाहिलं. जमलं नाही. परत विचारलं.